अकरा महिने रोज सकाळी विविध भारती, स्वयंपाकघरातला अनुभव

माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, रोजचे बत्तीस डबे. पहाटे साडेपाचला ओट्यापाशी उभी राहिले की साडेआठला रिक्षावाले दादा डबे न्यायला येईपर्यंत बसायला मिळत नाही. हे आधीच सांगते, कारण हा अनुभव निवांत हेडफोन लावून ऐकणाऱ्याचा नाहीये, कणकेने हात भरलेल्या बाईचा आहे. मागच्या गणपतीनंतर बाजारातून साधा एक ट्रान्झिस्टर आणला, सेलवर पण चालतो आणि वायर लावूनही, आणि पुण्यात विविध भारती १०१ वर लागते ते लावून ठेवलं, आणि मग तो काटा मी फारसा हलवलेलाच नाही.

त्याआधी मोबाईलवर गाणी लावायचे. पण दर दोन गाण्यांनी जाहिरात यायची आणि ती बंद करायला पिठाचा हात फोनला, मग फोन पुसा, परत हात धुवा. एक खासगी एफएम पण लावून बघितलं दोन आठवडे, सकाळी सातला कोणी इतक्या मोठ्याने हसत असेल तर मला कामच सुचत नाही. ज्यांना आवडतं त्यांनी ऐकावं, माझी सकाळ तशी नाही.

विविध भारतीचं मला सगळ्यात आधी काय आवडलं असेल तर तो आवाजाचा स्वभाव. आकाशवाणीची ती धून वाजते ना प्रसारण सुरू होताना, मागे तंबोरा आणि पुढे व्हायोलिन, ती वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराने केलेली, युरोपातून ज्यूंना पळावं लागलं त्या काळात हा माणूस मुंबईला आला आणि रेडिओत नोकरीला लागला. ती धून कानावर आली की मी गॅस पेटवते. सहा पाचला वंदनवारची भजनं, तोवर भाज्या चिरून होतात. सातला भूले बिसरे गीत, तेव्हा पोळ्या. निवेदक प्रत्येक गाण्याला सिनेमाचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार सगळं सांगतात. गीतकाराचं नाव दुसरीकडे कोण घेतं हो? लिहिणाऱ्याने पण कष्ट घेतलेत की. मला ही साधी गोष्ट फार मोलाची वाटते.

सातच्या सुमाराला आमच्या घरात एक पेच असतो, कारण सासऱ्यांना, म्हणजे नानांना, पुणे केंद्राच्या सात पाचच्या बातम्या हव्या असतात, आयुष्यभराची सवय आहे त्यांची. सुरुवातीला मी दहा मिनिटं स्टेशन बदलायचे आणि तेवढी गाणी जायची. शेवटी मुलाने नानांचा जुना रेडिओ माळ्यावरून काढून दुरुस्त करून आणला, आता तो मीडियम वेव्हवर बाहेरच्या खोलीत आणि माझा आत. त्या जुन्या सेटला आडवा-उभा फिरवून बघावा लागतो, एका बाजूला तोंड केलं की स्वच्छ ऐकू येतं आणि जरा वळवलं की खरखर. आणि शेजारी मोबाईलचा चार्जर लावलेला असेल तर काही खरं नाही.

आता साडेसातचं संगीत सरिता. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, गायक नाहीतर वादक पाहुणे येतात, एकेका विषयावर कितीतरी दिवस मालिका चालते, राग समजावून सांगतात, त्या रागातलं सिनेमाचं गाणं वाजवतात, गाऊन वाजवून दाखवतात. मी शाळेत असताना दोन वर्षं पेटी शिकले होते, भूप आणि दुर्गा हे दोन राग, एवढंच येत होतं, मग सुटलं ते सुटलं. तर डिसेंबरात एका सकाळी पाहुण्या गायिका भूप आणि देशकार सांगत होत्या. दोन्हींत सूर तेच पाच, सा रे ग प ध, एक सूर इकडचा तिकडे नाही. पण भूपाचा जीव गंधारावर, म्हणजे ग वर, तो संध्याकाळ उलटल्यावर गायचा, आणि देशकाराचा धैवतावर, म्हणजे ध वर, तो सकाळचा. त्यांनी आधी भूप गाऊन दाखवला, खाली खाली रमत गंधारावर येऊन थांबल्या. मग म्हणाल्या आता हेच सूर ऐका, आणि सरळ वरच्या धैवतावर उभ्या राहिल्या. तव्यावरची पोळी तशीच राहिली माझी. तेच पाच सूर आणि घरात उजाडल्यासारखं झालं एकदम! लहानपणी बाईंनी वादी-संवादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर आणि त्याच्या जोडीचा सूर, पाठ करून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण ते म्हणजे काय हे मला चाळिशी उलटल्यावर पोळ्या लाटताना कळलं. हे मला कोण शिकवणार होतं? क्लास लावायला वेळ कुठून आणणार होते मी?

नाना म्हणाले, तुला माहितीये का, एके काळी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती. १९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री झाले, बा. वि. केसकर, आपल्या पुण्याचेच, त्यांना शास्त्रीय संगीताची फार आस्था आणि सिनेमाची गाणी अगदी नकोशी. मग सगळे लोक रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं स्टेशन, लावायला लागले, नाना पण त्यातलेच, सकाळी आठला तीन मिनिटं कमी असताना सिलोनवर सैगल लागायचा त्यावर ते शाळेला निघायचे. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली, केसकर मंत्री असतानाच. मला हे ऐकल्यापासून संगीत सरिता जास्तच आवडायला लागलंय, कारण ज्या दोन गोष्टींचं तेव्हा जमत नव्हतं त्या इथे पंधरा मिनिटांत शेजारी शेजारी बसतात, राग आणि सिनेमाचं गाणं, आणि पाहुणे बुजुर्ग असले तरी त्या गाण्याबद्दल आदराने बोलतात.

बरेच भाग जुन्या रेकॉर्डिंगचे असतात. काहींना ते खटकत असेल, मला उलट बरं वाटतं, जे आता हयात नाहीत त्यांचं साधं बोलणं ऐकायला मिळतं, मध्येच खाकरणं, तानपुरा जरा जुळवून घेणं, सगळं.

पावणेआठला त्रिवेणी. एक विचार आणि त्यावरची तीन गाणी. मला सकाळी सकाळी उपदेश चालत नाही, पण यात तो नसतो, निवेदक हळू आवाजात दोन-चार वाक्यं बोलतात आणि गाणं सोडून देतात. एकदा विषय होता चिठ्ठ्या-पत्रं. मी डब्यात मटकीची उसळ भरत होते आणि मला आईची निळी अंतर्देशीय पत्रं आठवली, जागा संपली की ती डिंकाच्या पट्टीच्या कडेने उभं लिहायची, लिफाफा फाडताना तेवढं वाक्य नेमकं फाटायचं. त्या रविवारी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला आणि दुपारभर वाचत बसले. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, पण तो असा दिवसभर, कधी आठवडाभर सोबत राहतो.

अडचणी पण सांगते. मागे घेऊन परत ऐकता येत नाही, कुकरची शिट्टी नेमकी बंदिशीवर आली की ती गेलीच, पाहुण्यांचं नाव सुटलं तर दुसऱ्या दिवशी साडेसातला कान देऊन बसायचं. मिक्सर लावला की आवाज फाटतो, म्हणून आता चटण्या मी सातच्या आत वाटून घेते. गावाला गेले की मोबाईलवर एका अ‍ॅपवर ऐकते, चालतं, पण ते रेडिओपेक्षा थोडं मागे असतं आणि नेट गेलं की ऐन वेळी गोल फिरत बसतं. घरी असाल तर रेडिओच घ्या, बाराशे रुपयांत येतो. आमची खोली तळमजल्यावर, तर अँटेना खिडकीच्या गजांतून जरा बाहेर काढली की एकदम स्वच्छ लागतं, लोखंडी मांडणीजवळ मात्र ठेवू नका.

हिंदी आहे म्हणून माझ्या मदतनीस मावशी आधी नाराज होत्या, त्यांना मराठीच हवं होतं. आता पावणेआठ वाजले की त्याच झाकणं मोजायला घेतात, कारण त्रिवेणी संपायच्या आत डबे भरून व्हायला हवेत. सोमवारपासून बासरीवरची मालिका सुरू आहे, आज तिसरा भाग झाला, उद्या मी चटणी साडेसहालाच वाटून ठेवणारे.