कारव्हॅनचा स्टॅबिलायझर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात साताऱ्याहून कोल्हापूरला निघालो होतो. उंब्रजजवळ एक लांब कंटेनर आम्हाला ओलांडून गेला आणि गाडीमागे जोडलेली कारव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर) डुलायला लागली. वेग ८० होता. ब्रेक मारला नाही, स्टिअरिंगशी झटापट केली नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. चार-पाच हेलकावे खाऊन ती सरळ झाली, पण तेवढ्यात बायकोचा आणि मुलांचा जीव टांगणीला लागला होता. परतताना काटा ६० च्या वर नेला नाही. घरी पोचलो त्या रात्रीच स्टॅबिलायझर, म्हणजे हे डुलणं दाबणारं उपकरण, घ्यायचं ठरलं.

घेण्याआधी मात्र टोकाचा भार, म्हणजे कारव्हॅनचं पुढचं टोक गाडीवर टाकतं तो भार, मोजला, आणि ते फार बरं झालं. सपाट जागा, चाकांना दगड, कारव्हॅनच्या जोडायच्या टोकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला माणसं मोजायचा वजनकाटा. ३५ किलो! सामानासकट कारव्हॅन ९५० किलोची, म्हणजे साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या हिशोबाने पन्नास-साठ किलो तरी हवेत. पाण्याचे दोन मोठे कॅन आणि हत्यारांची पेटी मी मागच्या कपाटात ठेवत होतो. ते पुढे आणून चाकांच्या रेषेत, फरशीवरच बांधले. काटा ६३ वर आला. गाडीच्या टो-बॉलला (मागच्या ज्या गोळ्यावर कारव्हॅन अडकते त्याला) किती भार चालतो तेही पुस्तिकेत बघून घेतलं. एवढ्यानेच डुलणं निम्म्याने कमी झालं. सामान मागे कोंबून वर स्टॅबिलायझर बसवला असता, तर चूक तशीच राहिली असती आणि मी निर्धास्त झालो असतो.

बाजूला लोखंडी पट्टी लावायचा प्रकार स्वस्त पडतो, पण ती दर वेळी जोडा, रिव्हर्स घेण्याआधी काढा. आमच्या बोळात ते जमणारं नाही. म्हणून घर्षणाचा घेतला. याच्या कपलिंगच्या, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या पकडीच्या, आत पॅड असतात. वरची दांडी खाली दाबली की ते गोळ्याला करकचून धरतात. रिव्हर्सला दांडी उचलावी लागत नाही. गोळा मात्र ५० मिलिमीटरचाच हवा, दोन इंचाचा अमेरिकन गोळा जरासा मोठा असतो. शिवाय गोळ्याची मान लांब हवी. माझी आखूड होती, वळताना कपलिंग घासलं असतं, म्हणून टो-बॉलही बदलावा लागला.

बसवताना जुनं कपलिंग दोन बोल्टवर निघतं. त्यातला एक ओव्हररन ब्रेकच्या (गाडी मंदावली की कारव्हॅनच्या रेट्याने आपोआप लागणाऱ्या ब्रेकच्या) धक्के शोषणाऱ्या डँपरमधून जातो, म्हणून दोन्ही एकदम काढायचे नाहीत. लॉकनट नवे घातले आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळले.

आणि मग घोळ झाला. वर्कशॉपच्या मिस्त्रींनी शेवटी प्रेमाने गोळ्याला ग्रीस फासली. त्यांचं सगळं आयुष्य उसाच्या ट्रॉल्यांत गेलेलं. तिथे ग्रीस नाही तर पिन खाल्लीच म्हणून समजा. इथे नेमकं उलटं आहे. गोळा कोरडा ठणठणीत पाहिजे, त्यावरचा रंगसुद्धा पॉलिश पेपरने घासून काढायचा. मला हे वाचून माहीत होतं, पण तेव्हा मी बिल द्यायला गेलो होतो. पहिल्याच फेरीत वळणावर कर्र-कर्र आवाज आणि पकड शून्य. पॅडमध्ये ग्रीस मुरली होती. घासून बघितले, थिनरने पुसले, शेवटी नवेच घालावे लागले. तुम्ही बसवाल तेव्हा तिथून हलू नका.

त्यानंतरचा अनुभव मात्र समाधानाचा आहे. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. आडवा वारा अंगावर येतो. जूनमध्ये तिथे कारव्हॅन एकदा हलली आणि लगेच सावरली. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या वळणांवर मात्र मी आजही पन्नासच्या आतच असतो. स्टॅबिलायझर हेलकावा दाबतो, उतारावरचा वेग नाही.

देखभाल म्हणाल तर दर वेळी जोडण्याआधी कोरड्या फडक्याने गोळा पुसायचा. पॅड किती झिजले ते दांडीजवळच्या खुणेवरून कळतं. माझे अजून बरेच शिल्लक आहेत. तरी एक जोड मागवून कपाटात ठेवलाय, कारण मागच्या वेळी साताऱ्यात आणि सांगलीत पाच दुकानं फिरूनही मला तो मिळाला नव्हता.