ओपनफ्लेक्शर मायक्रोस्कोप, वर्षभर वापरल्यावर: कॅमेऱ्याचं नंतर बघा, आधी रबरी रिंग विचारा

आमच्या प्रयोगशाळेतला ओपनफ्लेक्शर, म्हणजे खुल्या आराखड्यावरून थ्रीडी प्रिंटरवर छापून जोडायचा मायक्रोस्कोप, साधारण वर्षभर चालतोय. पीएलए प्लास्टिकमधली छपाई, रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्या स्वस्त २८बीवायजे-४८ मोटरी. यातलं काहीच बिघडलं नाही. तुटली ती स्क्रूला ताण देणारी रबरी ओ-रिंग. रात्रभराचं टाइमलॅप्स लावलं होतं. मोटर इमानेइतबारे फिरत राहिली आणि फोकस मध्येच उडी मारून गेला तो गेलाच.

बांधणीच्या सूचनांत व्हायटॉन या रबराच्या रिंगा लिहिल्यात. किटवाल्याने नायट्राइल या दुसऱ्या रबराच्या घातल्या होत्या. नायट्राइल तेलाला टिकतं, पण सतत ताणून ठेवलं की हवेतल्या ओझोनमुळे त्याला आडव्या भेगा पडतात. फोन केला तर म्हणे, "सर, रबरी पार्ट वॉरंटीत येत नाहीत." अहो, तुमचं नमुना ठेवायचं अख्खं स्टेज त्या रबराच्या जिवावर हलतंय! वर नवीन रिंगांसाठी त्यांचं 'सर्व्हिस किट' घ्यायचं, कुरिअर वेगळं. शेवटी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला व्हायटॉनच्या सुट्या रिंगा मिळाल्या. बसवताना छापलेलं टूलच वापरा. चिमट्याने ओढलीत तर तिथेच चीर पडते.

एका रंगाचा प्रकाश टाकून नमुन्याची वेगळ्या रंगातली चमक टिपायची, त्या फ्लोरेसन्सबद्दल माझं मत मात्र आता तेवढं ठाम नाही. डायक्रोइकवर (एक रंग परतवणाऱ्या, दुसरा आरपार सोडणाऱ्या आरशावर) पैसे न घालता निळा एलईडी नमुन्यावर तिरका मारायचा आणि कॅमेऱ्यापुढे शूटिंगच्या लाइटवाल्यांकडची पिवळी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक फिल्म, लावायची, हा जुगाड मी कुणालाही सांगायचो. अजूनही सांगेन, पण एफवायच्या प्रॅक्टिकलपुरताच. ॲक्रिडिन ऑरेंज हा चमकणारा रंग लावलेल्या कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रकं त्यात झकास हिरवी दिसतात. जीएफपीचे, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारे, जिवाणू ठेवले की खेळ खलास. त्याची चमक ५०९ नॅनोमीटरच्या आसपास, आणि निळ्या एलईडीचं शेपूट तिथपर्यंत पोचतं. जेलला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, सगळं चित्र राखाडी. मग जीव मुठीत धरून ठरावीक तरंगलांबीच नेमकी सोडणाऱ्या इंटरफिअरन्स फिल्टरचा संच मागवला. उरलेल्या सगळ्या यंत्रापेक्षा तोच महाग, पण पार्श्वभूमी एकदाची काळी झाली. पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या डब्यात राहतो. मुंबईची बुरशी काचही सोडत नाही.

चित्राच्या कोपऱ्यांत रंग फिके येतात, कॅलिब्रेशनने थोडे सुधारतात. चालतं.

जादा रिंगा आणून ठेवाव्यात म्हणून बिल ऑफिसात दिलं. फिल्टरच्या वेळी निमूट सही करणाऱ्यांनी या चार रबरांसाठी तीन कोटेशनं मागितलीत.