गावोगावचे बातमीदार अन् लॉगिनचं लफडं: वर्डप्रेस का ड्रुपल?

तालुक्याचं न्यूज पोर्टल काढायचं, गावोगावच्या पोरांना लॉगिन द्यायचं, पण आपण वाचल्याबिगर काही लाईव्ह जायला नको, असं असेल तर कोणतं घ्यावं हे बरेच जण विचारून राहिले म्हणून लिहितो. वर्डप्रेस अन् ड्रुपल म्हणजे वेबसाईट बनवायचे अन् चालवायचे सॉफ्टवेअर; मी दोन्ही चालवलं, आता ड्रुपलवर आहो.

वर्डप्रेसमध्ये रोल, म्हणजे कोणाला काय करता येईल ते ठरवणारे गट, तयारच मिळतात, नुसत्या लिहिणाऱ्याला कॉन्ट्रिब्युटर केलं की त्याला पब्लिशऐवजी 'सबमिट फॉर रिव्ह्यू' दिसते, आपण वाचायचं अन् सोडायचं. इथपर्यंत झकास. पण कॉन्ट्रिब्युटरला फोटोच चढवता येत नाही! आता वरूडकडचा पोरगा आंबिया बहाराच्या गळीची बातमी देऊन राहिला, झाडाखाली संत्र्याचा सडा पडलेला, अन् फोटो नाही तर ती बातमी वाचते कोण बाप्पा? मंग फोटो येतात व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री, तीन गावचे एकदमच, धुरकट झालेले, कोणता कुठला ते फोन करून विचारत बसा. ऑथर करावं तर फोटो चढते पण पब्लिशचं बटनही त्याच्या हाती जाते, कापसाच्या भावात एक आकडा चुकला की सकाळपासून फोन सुरू. यूजर रोल एडिटरसारखं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकून मधला रोल बनवता येते, नाही म्हणत नाही, पण एवढ्याशा गोष्टीसाठी प्लगइन काहून पाहिजे, हे मला काही पटलं नाही.

ड्रुपलमध्ये रोल आपणच बनवायचा. परमिशनचं पान पाहून पहिल्यांदा माणूस घाबरतेच, खाली खाली जात राहा, चौकटी संपत नाहीत. पण 'बातमीदार' रोलला नवीन बातमी टाकणं अन् स्वतःची सुधारणं यावर टिक मारायची, फोटोचा रकाना बातमीच्या फॉर्ममध्येच असते, वेगळी परवानगी लागत नाही. कंटेंट मॉडरेशन मॉड्यूल, म्हणजे बातमी आधी मसुदा म्हणून थांबवून ठेवणारा भाग, सोबतच येते, ते चालू करून बातमीदाराला मसुद्याचाच हक्क द्या अन् पब्लिशचा फक्त डेस्कला, म्हणजे बातमी वाचून सोडणाऱ्याला. बाजारभाव भरणारा पोरगा बातम्याही लिहीत असेल तर त्याला दोन्ही रोल द्या, वर्डप्रेसच्या स्क्रीनवर एकच निवडता येते. अन् निवडणुकीपुरते धरलेले बातमीदार नंतर सरळ ब्लॉक, त्यांच्या बातम्या त्यांच्याच नावानं राहतात. वर्डप्रेसमध्ये ब्लॉकचं बटनच नाही, रोल काढून घ्यावा लागते. फक्त ड्रुपलचं पहिलं अकाउंट सांभाळा, त्याला एरवी कोणतीच परमिशन आडवी येत नाही, त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर नको.

आता खरं सांगायचं तर ड्रुपलचे अपडेट कटकटीचे आहेत, कंपोझर, म्हणजे कमांड टाईप करून सॉफ्टवेअरचे भाग उतरवणारं साधन, चालवता आलं पाहिजे. ड्रुपल ७ या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट जानेवारी २०२५ मध्ये संपला, त्याच्यावरून पुढं जाणाऱ्यांना साईट जवळपास नव्यानं उभारावी लागली. तुमच्याकडे दोघं-तिघंच लिहिणारे असतील, सगळे एकाच खोलीत बसत असतील, तर वर्डप्रेसच बरं, ऑथर करून मोकळे व्हा. गावोगावचे असतील तर मी तरी ड्रुपलच म्हणीन, पण अपडेट करणारं पोट्टं आधी पाहून ठेवा, नागपूरला नोकरी लागून जाणारं नको.