पुन्हा वाचायचं की वही मिटायची? पहिल्या सेमिस्टरसाठी अभ्यासाच्या दोन पद्धती

कॉलेजचा पहिला महिना फसवा असतो. शाळेत कोणी ना कोणी सतत मागे लागलेलं असायचं. इथे लेक्चर संपलं की सगळे पांगतात, कोणी काही विचारत नाही. मोकळा वेळ भरपूर दिसतो आणि पोर्शन साचत जातो. म्हणून अभ्यास कसा करायचा ते याच महिन्यात ठरवलेलं बरं. निवड मुख्यतः दोन पद्धतींतच असते.

पहिली आपण शाळेपासून करत आलोय: नोट्स पुन्हा पुन्हा वाचायच्या, महत्त्वाच्या ओळींवर हायलायटर फिरवायचा. दुसरीत एकदा नीट वाचून वही मिटायची, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं आणि मग वही उघडून काय राहिलं ते बघायचं.

पहिलीची बाजू अगदीच लंगडी नाही. ती दमलेल्या संध्याकाळीही जमते. विषय नवा असेल तर सुरुवात तिनेच करावी लागते; जे डोक्यात शिरलंच नाही ते आठवणार कसं? पेपर अगदी तोंडावर असेल तर ती उपयोगीही पडते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे अभ्यासाला दिले. काही उतारे दोनदा वाचायचे होते, काही एकदा वाचून आठवून लिहायचे होते. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर दोनदा वाचलेलं सुमारे ८१ टक्के आठवलं, एकदा वाचून लिहिलेलं ७५ टक्के. ज्यांची चाचणी आठवड्याने झाली, त्यांच्यात मात्र पारडं फिरलं: दोनदा वाचलेलं ४२ टक्के, लिहून काढलेलं ५६. सेमिस्टरची परीक्षा आठवड्याहूनही लांब असते, तेव्हा आपल्या कामाचे आकडे दुसरे.

वाचनातला खरा धोका वेगळाच आहे. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ‘हे येतंय आपल्याला’ असं मन सांगतं. मी पहिल्या सेमिस्टरला चार रंगांचे हायलायटर बाळगायचो. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर कुठल्या पानावर कुठला रंग होता एवढंच आठवलं!

दुसऱ्या पद्धतीची किंमतही सांगायला हवी. पहिले काही दिवस ती मन खट्टू करते. तासभर वाचावं आणि कागदावर जेमतेम चार ओळी उतराव्यात. पण न आठवलेला भाग तिसऱ्या आठवड्यातच दिसतो, तेव्हा शंका विचारायला शिक्षकही असतात आणि वेळही. गणितासारख्या विषयात लिहून काढण्याऐवजी सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवायचं. सगळं एका बैठकीत उरकण्यापेक्षा तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने असा परत घ्यावा. परीक्षा जितकी लांब तितकं हे अंतर वाढवता येतं.

वही की लॅपटॉप, यावर फार डोकं शिणवू नका. हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पना जास्त कळतात, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं; नंतर तो प्रयोग पुन्हा झाला तेव्हा फरक तितका ठळक राहिला नाही. लॅपटॉपवर लेक्चर शब्दशः उतरवायची सवय लागते, तेवढी टाळा. ग्रुप स्टडीचं म्हणाल तर आधी एकट्याने आठवून झालं असेल तरच बसा. एकमेकांना प्रश्न विचारले तर तास सार्थकी लागतो, नाहीतर त्या गप्पाच.

माझा कौल दुसऱ्या पद्धतीला, पण सरसकट नाही. दिवसात दोन लेक्चरच्या मध्ये एखादा रिकामा तास मिळत असेल तर त्यातली वीस मिनिटं कोऱ्या कागदाला द्या. वेळ फक्त रात्री, डोळे मिटत असताना मिळत असेल तर रात्री वाचा आणि सकाळी निघण्यापूर्वी पाच मिनिटांत आठवून पाहा.

आणि निम्मं सेमिस्टर आधीच हातातून गेलं असेल तर? मागचं सगळं आठवून लिहायच्या फंदात पडू नका. आजच्या लेक्चरपासून दुसरी पद्धत धरा, जुना पोर्शन शनिवार-रविवारी एकेक धडा वाचून काढा. त्यातला अवघड वाटेल तेवढाच कागदावर घ्या.