सोनटक्का की भुईचाफा? कोकण-गोव्यातील परसासाठी आल्याच्या कुळातील सुवासिक फुलझाडे

आल्याच्या कुळातील फुलझाडे किनारपट्टीच्या दमट हवेत सहज वाढतात, परंतु त्यांतली सगळीच सुवासिक नसतात आणि जी असतात त्यांचा बहर वर्षाच्या निरनिराळ्या काळात येतो. रोपवाटिकेत हमखास दिसणारे लाल आल्पिनिया सुवासासाठी घेऊ नये; त्याचा लाल रंग छदांचा, म्हणजे फुलांखालच्या पानांसारख्या भागांचा असतो, खरी फुले त्यांतून डोकावणारी लहानशी आणि पांढरी असतात, आणि फुलदाणीत ती कणसे बरेच दिवस टिकत असली तरी त्यांना वास नसतो. शिंपल्यासारख्या लोंबत्या कळ्यांचे आल्पिनिया दिसायला देखणे असते, पण सुगंधाच्या बाबतीत त्याची पानेच अधिक उजवी. तेव्हा सुवास हाच हेतू असेल तर निवड सोनटक्का आणि भुईचाफा या दोघांतच करावी लागते.

सोनटक्का मूळचा पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या ओल्या प्रदेशातला असला तरी कोकणातल्या घरांना तो परका नाही. (दूरच्या क्युबाने तर त्याला राष्ट्रीय फूल मानले आहे.) बहर साधारणपणे ऑगस्टपासून पाऊस सरेपर्यंत असतो. कळ्या संध्याकाळी उमलतात आणि रात्री परागीकरणाला येणाऱ्या पतंगांसाठीच जणू सुवास अंधारात वाढत जातो. दुसऱ्या दिवशी फूल मलूल होते, परंतु एकाच कणसात रोज नव्या कळ्या उमलत असल्यामुळे बहर लांबतो. वेणी-गजऱ्यासाठी दुपार कलल्यावर टपोऱ्या कळ्या खुडाव्यात, म्हणजे त्या माळल्यावर उमलतात. ज्यांना संध्याकाळी अंगणात किंवा पडवीत बसायची सवय आहे, त्यांनी दुसरे झाड शोधण्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

अट एकच, आणि ती पाण्याची. दीड-दोन मीटर वाढणारे हे झाड चिखलातही तग धरते, पण ऑक्टोबरनंतर ओल तुटली की पानांची टोके करपतात आणि बेट केविलवाणे दिसू लागते. म्हणून विहिरीजवळची पाणी झिरपणारी जागा, माडाचे आळे किंवा कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पाटाचा काठ त्याला मानवतो. पोफळींच्या दाट सावलीत मात्र पाने उदंड आणि फुले मोजकी मिळतात. सकाळचे ऊन आवश्यकच आहे. कंद उथळ लावावेत, वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, आणि एक दांडा एकदाच फुलत असल्यामुळे फुले संपलेले दांडे जमिनीलगत कापून टाकावेत. पाने गुंडाळून आत राहणारी अळी पावसाळ्यात दिसते. गुंडाळलेले पान तोडून टाकले की सहसा तेवढे पुरते. ब्राझील आणि हवाई बेटांवर याच झाडाने पाणथळ जागा व्यापून स्थानिक वनस्पतींना हुसकावले आहे, हे लक्षात घेता रानाला लागून वाहणाऱ्या व्हाळाच्या काठी ते लावू नये आणि काढलेले कंद तिथे टाकूही नयेत.

भुईचाफ्याचे वेळापत्रक याच्या अगदी उलट आहे. पावसाळा संपल्यावर त्याची पाने पिवळी पडून जातात, हिवाळाभर कुंडी रिकामी दिसते, आणि उन्हाळ्यात, एकही पान नसताना, मातीतून थेट पांढरी-जांभळी फुले वर येतात. सुवास गोड असतो, पण दरवळ सोनटक्क्याइतका दूर जात नाही. फुले जमिनीलगत असल्याने वाकूनच वास घ्यावा लागतो, त्यामुळे कुंडी कठड्यावर किंवा पायरीवर ठेवणे सोयीचे. बहरानंतर येणारी, खालून जांभळट आणि वरून रुपेरी नक्षीची पाने पावसाळाभर शोभा देतात, आणि सावलीतही ती चांगली राहतात.

त्याला मारते ते दुर्लक्ष नव्हे, अतिकाळजी. झोपलेल्या कंदाला रोज पाणी घातले की तो कुजतो, म्हणून पाने वाळल्यानंतर कुंडी कोरड्या जागी सरकवावी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा हलके पाणी सुरू करावे. कुंडीवर नाव लिहून ठेवणेही बरे, नाहीतर ती रिकामी समजून कोणीतरी तिच्यात कोथिंबीर पेरते.

मुंबई-ठाण्याच्या गॅलरीत जागा आणि पाणी दोन्ही बेताचे असतात, तिथे भुईचाफाच घ्यावा. सोनटक्का मोठ्या कुंडीत जगतो, पण त्याचे कंद लवकरच कुंडी भरून टाकतात आणि एप्रिलच्या उन्हात त्याची तहान भागवणे जिकिरीचे होते. परस असेल तर दोन्ही लावायला हरकत नाही: उन्हाळ्याचे दिवस भुईचाफा सांभाळतो आणि पावसाळ्याचा उत्तरार्ध सोनटक्का. दोघांचेही कंद पावसाच्या तोंडावर, डोळे फुटू लागलेले पाहून विभागावेत. भुईचाफ्याच्या बाबतीत मात्र त्या वर्षीची फुले येऊन गेल्याशिवाय कंदाला हात लावू नये.