इयत्तेप्रमाणे वाचन की पातळीप्रमाणे गट?

पुण्यातल्या मराठी शाळेत चौथीच्या एकाच वर्गात गोष्ट सरसर वाचणारी मुलं असतात आणि जोडाक्षरांशी अडखळणारीही. सगळ्यांना एकच धडा दिला की अभ्यासक्रम वेळेत संपतो, पण मागं पडलेलं मूल नुसतं सुरात सूर मिळवत राहतं.

शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीनं, मूल काय वाचू शकतं ते पाहून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट केले, तर 'पाणी' वाचणारं मूल 'प्राणी'पाशी थांबतं, हे बाईंच्या लगेच लक्षात येतं. मेहनत वाढते, हे खरं. गट दर काही आठवड्यांनी बदलायलाच हवेत, नाहीतर मुलावर 'ढ'चा शिक्का बसतो!

माझा कौल गटांना, रोज एक तास. कविता मात्र सगळ्यांनी एकत्रच म्हणावी.