भर दुपारच्या हळदीचे फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये किती वाचतात?

सकाळची म्हणून ठरलेली हळद प्रत्यक्ष लागेपर्यंत बारा वाजतात आणि ऊन डोक्यावर येतं. मग फोटोत नवरीच्या कपाळावर नि नाकाच्या शेंड्यावर पांढरे चट्टे दिसतात, डोळ्यांच्या खोबणीत काळोख असतो, नाकाखाली गडद सावली पडते. मुंडावळ्यांच्या सरांची सावली तर गालावर पेनाने रेघ मारावी तशी उमटते. असे फोटो सावरायला आज अडोबी लाइटरूम क्लासिक या संगणकावरच्या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरइतकं सोयीचं साधन दुसरं नाही, असं आमचं मत आहे. मात्र ते सावलीतलं वाचवतं. उन्हात पूर्ण जळलेलं, म्हणजे अति प्रकाशाने तपशील गेलेलं, परत आणत नाही.

म्हणून आधी काय जळलंय ते पाहा. डेव्हलप या संपादनाच्या भागात कीबोर्डवर J दाबलं की जळलेला भाग लाल दिसतो. फोटोतला रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा असतो; त्वचेत लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो, म्हणजे कमाल मर्यादेला पोचतो, आणि हळद लागलेल्या गालावर लाल-हिरवा दोन्ही भरतात. बोटांनी ओढलेल्या हळदीचे पट्टे नाहीसे होऊन गालावर एकच सपाट पिवळा डाग उरतो, तो यामुळेच. फोटो रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर एखादा चॅनल भरला तरी बाकीच्यांच्या आधारे बरंचसं सावरता येतं. तिन्ही गेले असतील तर तिथे माहितीच नाही, कुठलाही स्लायडर ती निर्माण करणार नाही. 14-बिट रॉमध्ये प्रत्येक चॅनलला 16,384 पायऱ्या असतात, जेपेग या नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये फक्त 256. गडद गाल उजळताना जेपेगमध्ये चौकोनी ठिपके आणि पट्टे दिसू लागतात ते म्हणून.

सगळ्या फोटोवर करायचं काम थोडंच आहे. रॉ असेल तर प्रोफाइल अडोबी कलरऐवजी अडोबी न्यूट्रल घ्या. मुळातला कॉन्ट्रास्ट त्यानेच उतरतो. एक्स्पोजर (एकूण उजेड) उणे 0.3 ते 0.6, हायलाइट्स (उजळ भाग) उणे 40 ते 60, शॅडोज (गडद भाग) फक्त अधिक 15 ते 25. इथेच बहुतेकांची चूक होते. शॅडोज थेट 100 वर नेले की चेहऱ्याबरोबर केस, पदराच्या घड्या, मागचा मांडव सगळंच वर येतं. काळेभोर केस राखाडी होतात आणि फोटो दुपारचा वाटतच नाही. ऊन ही त्या फोटोची वेळ आहे, ती पुसायची नाही.

खरं काम मास्किंगमध्ये, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून बदलण्यात. 2021 मध्ये मास्किंगचं नवं पॅनेल आलं आणि 2022 मध्ये माणसं ओळखणारा पीपल मास्क. तेव्हापासून चेहरा हाताने रंगवत बसावं लागत नाही. पीपलमध्ये नवरी निवडा, फेशिअल स्किनवर खूण करून मास्क तयार करा. मग त्या मास्कच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून इंटरसेक्ट (दोन्ही निवडींत बसणारा भागच ठेवणं) करून ल्युमिनन्स रेंज (उजेडानुसार निवड) निवडा आणि पट्टा फक्त गडद टोकाकडे ठेवा. आता निवड उरते ती चेहऱ्यावरच्या सावलीपुरती. तिथे एक्स्पोजर अधिक 0.5 ते 0.9 द्या. पट्ट्याची उतरती बाजू लांब ठेवा; ती अरुंद राहिली तर ऊन-सावलीच्या सीमेवर उजळ कड उमटते आणि चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो.

एवढ्यावर थांबलात तर डोळ्यांखालचा भाग उजळेल, पण आजारी दिसेल. कारण सावली नुसती काळी नसते, तिचा रंगही वेगळा असतो. थेट ऊन साधारण 5,500 केल्विनचं, म्हणजे पांढरट. सावलीत मात्र प्रकाश येतो तो निळ्या आकाशाचा. म्हणून त्याच मास्कमध्ये टेम्प (वाढवला की रंग पिवळसर होतो) अधिक 6 ते 10 आणि टिंट (वाढवला की गुलाबीसर) अधिक 2-3 करा. हनुवटीखाली नेमकं उलटं: पिवळ्या साडीवरून परतलेला प्रकाश तिथे साचतो. तिथे वेगळा ब्रश घेऊन टेम्प उणे 8, सॅच्युरेशन उणे 10. बुबुळांना अधिक 0.3 पुरे. डोळ्यांचा पांढरा भाग उजळू नका, नजर खोटी वाटते.

मास्क झाला की कीबोर्डवर O दाबून, निवडलेला भाग रंगात पाहून तपासा. नथीचे मोती कधी त्वचेत धरले जातात, आणि हळदीचा जाड थर असेल तिथे मास्कला भोकं पडू शकतात. मोती सबट्रॅक्ट ब्रशने काढा, भोकं अॅडने भरा. दोन मिनिटांचं काम, पण टाळलं तर छापील अल्बममध्ये डोळ्यात भरतं.

कपाळावरच्या पांढऱ्या चट्ट्यावर हायलाइट्स उणे 100 केले की तो राखेसारखा करडा होतो, कारण तिथे रंगच उरलेला नसतो. त्यापेक्षा हील या डाग झाकणाऱ्या साधनाने शेजारची त्वचा घ्या आणि ओपॅसिटी (झाकण्याचं प्रमाण) 50 च्या आसपास ठेवा. थोडी चमक राहू द्या, उन्हातल्या कपाळावर ती असतेच. मुंडावळ्यांच्या सावलीची रेघही पूर्ण पुसू नका. सर दिसतोय आणि सावली नाही, हे बघणाऱ्याला खटकतं. कमी फ्लोच्या, म्हणजे हलका परिणाम देणाऱ्या ब्रशने ती अर्ध्यावर आणा.

उणीव तीन ठिकाणी जाणवते. हे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून विकत मिळत नाही, वर्गणीच भरावी लागते. शिवाय चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मास्क तयार होताना मशीन रेंगाळतं. तिसरी उणीव शेकडो फोटोंवर एकच सेटिंग सिंक करताना, म्हणजे एकदम लावताना दिसते. मास्क प्रत्येक फोटोत नव्याने मोजला जातो, आणि घोळक्यात नवरीऐवजी हळद लावणारी आत्या उजळते. एकटीचे फोटो खुशाल सिंक करा, घोळक्याचे एकेक उघडून बघा.

दोन-चार फोटोंसाठी वर्गणी भरू नका. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या स्नॅपसीड अॅपमध्ये सिलेक्टिव्ह हे साधन घ्या, सावलीतल्या गालावर टेकवा, दोन बोटांनी वर्तुळ गालापुरतं करा आणि ब्राइटनेस 20-25 वाढवा. मास्कइतकी नेमकी कड मिळत नाही, पण चेहरा दिसू लागतो. मात्र फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला असेल तर आधी मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, आणि त्यात सगळ्यात आधी जातात ते सावलीतलेच बारकावे.